शास्त्रीबुवांचा उपास

मासा मेला की गिऱ्हाईक मला फोन करतं, आणि त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "अगं, पण काल तर पोहत होता!" बावीस वर्षं मी हे वाक्य मराठीत, हिंदीत, गुजरातीत आणि अस्सल ऑसी इंग्लिशमध्ये ऐकलंय. अहो, काल पोहतच असणार! मासा आहे तो. मरायच्या आदल्या दिवशी काय सायकल चालवणार होता?

मी सिडनीत लोकांच्या घरचे, दवाखान्यांतले, रेस्टॉरंटांतले फिश टँक सांभाळते. सांभाळायचे, असं म्हणायला हवं, कारण यंदा माझ्या कंबरेने राजीनामा दिला आणि तिच्यापाठोपाठ मीही दिला. आले होते अकाउंटिंग शिकायला. युनिव्हर्सिटीचा खर्च भागावा म्हणून आर्व्होला, म्हणजे दुपारनंतर, एका ॲक्वेरियमच्या दुकानात काचा पुसायला लागले. अकाउंटिंग संपलं, काचा काही सुटल्या नाहीत. ठाण्याला आई शेजारपाजारी सांगायची, मुलगी ऑस्ट्रेलियात पाण्याच्या खात्यात आहे. मला मात्र फोनवर म्हणायची, "मेले, मासे खायचे असतात. त्यांना आंघोळी कसल्या घालत फिरतेस!"

लोकांना वाटतं आम्ही मासे सांभाळतो. आम्ही पाणी सांभाळतो, मासे आपापले जगतात. मासा ज्या पाण्यात खातो त्याच पाण्यात त्याचं बाकीचंही सगळं चालतं, हे लोक सोयीस्कर विसरतात. ती घाण खाणारे बारीक जिवाणू असतात, ते फिल्टरच्या स्पंजमध्ये वस्तीला येतात आणि त्यांना यायला महिना-महिना लागतो. म्हणून नवा टँक आणला की लगेच मासे सोडायचे नाहीत, पाणी लोणच्यासारखं मुरू द्यायचं. आणि तो स्पंज साबणाने धुवायचा नाही! पण आपल्या बायकांना स्वच्छतेचा सोस. स्पंज डेटॉलने धुणार, उन्हात वाळवणार, आणि तिसऱ्या दिवशी फोन. काल तर पोहत होता.

पेंडल हिलला एक कुटुंब होतं. त्यांना वास्तुवाल्याने सांगितलेलं, ईशान्येला टँक ठेवा, आठ मासे सोनेरी आणि एक काळा. काळा मासा मेला की म्हणे त्याने घरावरचं संकट स्वतःवर घेतलं. पहिला काळा मेला तेव्हा त्यांनी मला पेढा दिला. तीन महिन्यांत सहा काळे मेले आणि घरात आनंदीआनंद, बघा किती संकटं टळली. मी गुपचूप फिल्टरची मोटर बदलली. त्यानंतर त्यांच्यावर एकही संकट आलं नाही, आणि मला पेढेही आले नाहीत.

पण मला सांगायचंय ते आगाशे काकांचं. बावीस वर्षांतली माझी सगळ्यात मोठी चूक त्यांच्या टूनगॅबीच्या घरात, हॉलमध्ये, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पोहत होती.

आगाशे काका नाशिकचे. सातपूरच्या एका कारखान्यात पंपाचे पार्ट तपासायचे, इन्स्पेक्टर म्हणून रिटायर झालेले. कोविड यायच्या जेमतेम महिनाभर आधी ते मुलाकडे, सुमेधकडे, तीन महिन्यांसाठी आले. काकू आईच्या आजारपणामुळे मागे राहिल्या होत्या. मग बॉर्डर बंद झाल्या, विमानं बंद झाली, आणि तीन महिन्यांचे काका दीड वर्ष इथेच. सून हॉस्पिटलमध्ये नर्स, तिच्या शिफ्टचा पत्ता नाही. सुमेध आयटीत, दिवसभर दार लावून मीटिंगमध्ये. काका सकाळी अकराच्या प्रेस कॉन्फरन्सला आजचा कोविडचा आकडा ऐकायचे, मग नाशिकचा ऐकायचे, मग दिवसभर ब्लड प्रेशर मोजायचे. शेवटी सुमेधने मला विचारलं, "वर्षाताई, बाबांसाठी एक टँक बसवून देशील? टीव्हीपासून जरा हलतील तरी."

तेव्हा अख्खं सिडनी मासे शोधत होतं. सगळं जग घरात बसलं आणि सगळ्यांना एकदम निसर्ग आठवला. होलसेलवाल्याकडे खडखडाट. त्याच सुमाराला सेव्हन हिल्सचं टेरी नावाचं माझं एक म्हातारं गिऱ्हाईक छोट्या फ्लॅटमध्ये राहायला जाणार होतं, तो आपला टँक मोडत होता. त्याच्याकडे सिल्व्हर डॉलर होते. ताटलीसारखे गोल, चांदीचे, गरीब स्वभावाचे मासे. पालक दिला की खूश. मी म्हटलं, शाकाहारी घर आहे, यांचं पटेल. टेरीच्या अंधाऱ्या गॅरेजमध्ये पिशवी धरली आणि मोजले. सहा. मी मोजले, बघितले नाहीत.

काकांनी टँक पाहिला आणि पहिली शेरेबाजी केली, "डॉलर मिळवायला इथे आलात ते आलात, आता घरात पाळलेतही!" पण दोन दिवसांत ते खुर्ची टँकसमोर घेऊन बसले ते तिथलेच झाले. सहा माशांपैकी पाच त्यांना सारखेच दिसायचे. सहावा वेगळा. त्याच्या पाठीवरच्या पराचा पुढचा काटा लांबलचक वाढून मागे लोंबत होता, थेट शेंडी. खालचा जबडा पुढे आलेला, आणि गालापाशी शेंदरी ठिपका. काकांनी त्याचं नाव ठेवलं शास्त्रीबुवा. पाचातल्या कुठल्याही डॉलरला काका "हा" म्हणायचे आणि शास्त्रीबुवांना "ते". मला अरेतुरे, पण माशाला अहोजाहो.

आणि शास्त्रीबुवांचं सगळ्यात मोठं कौतुक म्हणजे ते जेवत नसत. बाकीचे पालकावर तुटून पडायचे, हे कोपऱ्यात तिरके उभे. काका रोज संध्याकाळी काकूंना व्हिडिओ कॉलवर दाखवायचे, "बघितलंस? अन्नाला शिवले नाहीत आजही. याला म्हणतात निग्रह." सुनेने शिफ्टवरून येऊन पिझ्झा मागवला की काका टँककडे बोट दाखवायचे. ती बिचारी दहा-बारा तास मास्क आणि गाऊनमध्ये घामाघूम होऊन आलेली. एकदा मला फोनवर म्हणाली, "ताई, त्या माशाला एकदा तरी काहीतरी खायला घाल गं. मला सासुरवास होतोय त्याचा."

मलाही कळायला हवं होतं की न जेवणारा मासा दहा महिने जगत नसतो. त्यात बाकीच्या पाच माशांचे खवले गळायला लागले होते. आज इथे टक्कल, उद्या तिथे. दुसरं लॉकडाऊन लागलेलं, आम्ही सगळे घरापासून पाच किलोमीटरच्या आत कोंडलेले, वरून पोलिसांचं हेलिकॉप्टर फिरतंय. मी सगळं व्हिडिओवर बघून सल्ला द्यायचे. आधी म्हटलं दगड टोचत असतील, काढा. मग म्हटलं बुरशी असेल, मीठ घाला. मग काकांनाच झापलं, तुम्ही पालक फार घालता, पाणी बिघडतंय. काका म्हणाले, "मला तर वाटतं वयोमान." मी हसले होते त्यांना. माझ्यापेक्षा तेच बरे, निदान औषध तरी दिलं नाही.

मग गणपती आले. दीड दिवसाचा, शाडूचा, तळहाताएवढा, पेंडल हिलच्या दुकानातून आणलेला. दुसऱ्या दिवशी दुपारी सुमेधचा फोन.

"वर्षाताई, मेजर प्रॉब्लेम. मी मीटिंगमध्ये होतो आणि बाबांनी बाप्पाचं विसर्जन टँकमध्ये केलंय."

"कशात?"

"टँकमध्ये गं! फिश टँकमध्ये!"

जिवंत प्राण्यांच्या जिवाचा प्रश्न, म्हणून आम्हाला कामाला जायला मुभा होती. दुहेरी मास्क लावून बादल्या घेऊन पोचले. नियम असा की घरच्यांनी दुसऱ्या खोलीत बसायचं. सुमेध गेला. काका गेले नाहीत. दोन मीटरवर खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "मी मोजून बसलोय, टेप लावून."

टँक अख्खा मातकट. वर दुर्वा तरंगतायत, फिल्टरच्या तोंडाला एक उकडीचा मोदक चिकटलाय, आणि मधोमध कंबरेपर्यंत विरघळलेले बाप्पा.

"काका, अहो बादली नव्हती का?"

"बादलीत? ज्या बादलीत हे लोक मॉप बुडवतात, त्या बादलीत बाप्पा?" काका तडकले. "विसर्जनाला वाहतं पाणी लागतं. तुझा फिल्टर चालू होता, म्हणजे पाणी वाहत होतं. आत जलचर आहेत. नदीत आणखी काय असतं? आणि गोदावरीपेक्षा पाणी स्वच्छ आहे, तूच सांगतेस ना दर वेळी?"

मी सामानातून लांब चिमटा काढला तर काका ओरडले, "बाप्पाला चिमट्याने नाही काढायचं!" मग बाह्या सरसावल्या, दोन्ही हात घातले, बाप्पा मोरया म्हटलं, आणि उरलेसुरले बाप्पा मागच्या अंगणातल्या लिंबाच्या कुंडीत नेऊन ठेवले. मग एकेक मासा जाळीने काढून स्वच्छ पाण्याच्या पांढऱ्या टबात सोडला. पाच डॉलर. प्रत्येकाच्या अंगावर टकलं. आणि सहावे शास्त्रीबुवा, मात्र अंगावर एक खवला कमी नाही, चांदीच्या नव्या भांड्यागत लखलखीत.

पाच जण आजारी आणि एकच ठणठणीत, तर तो एक डॉक्टर तरी असतो नाहीतर चोर.

पांढऱ्या टबात, दिवसाच्या उजेडात, मी त्याला पहिल्यांदा नीट बघितलं. तो जबडा. त्या जबड्यातले बारीक दात, बाहेरच्या बाजूला वळलेले. टबात तो जरा स्थिरावला, आणि माझ्या डोळ्यांदेखत शेजारच्या डॉलरला त्याने एक धडक मारली. दोन खवले उडाले. शास्त्रीबुवांनी शांतपणे ते टिपले आणि पुन्हा तिरके उभे राहिले.

मी टेरीला फोन लावला. "टेरी, तू मला सहा सिल्व्हर डॉलर दिलेस ना?"

"फाइव्ह, लव्ह," टेरी म्हणाला. "फाइव्ह, अँड द अदर ब्लोक." तो दुसरा ब्लोक, म्हणजे दुसरा गडी, त्याला कुणीतरी खोक्यात घालून आणून दिला होता, आणि तो कोण हे टेरीला कधी कळलंच नव्हतं. मी त्याला घेऊन गेले याबद्दल त्याने माझे आभारही मानले.

घरी माझ्याकडे जुनं माशांचं पुस्तक आहे. पाच डॉलर एका टबात आणि शास्त्रीबुवा दुसऱ्या टबात असे हवेचे पंप लावून ठेवले, घरी आले, आणि पुस्तक काढलं. पिरान्हा. सिनेमातला गाय फाडून खाणारा नव्हे, हा त्यांच्यातला कुणाला ठाऊक नसलेला चुलत भाऊ. ॲमेझॉनकडच्या नद्यांतला. हा मांसाचे लचके तोडत नाही, दुसऱ्या माशांचे खवले उडवून खातो. जवळजवळ तेवढ्यावरच जगतो. चालता चालता खिसा कापावा तसं. आणि लहानपणी तर हुबेहूब त्या गरीब डॉलरांसारखा दिसतो, त्यांच्यातच मिसळून राहतो, म्हणजे संशय नको. थोडक्यात, आमच्या शास्त्रीबुवांनी दहा महिने उपास कसला, पाच जणांच्या अंगावरून रोज यथासांग जेवण केलं होतं.

पिरान्हा कुठल्याही जातीचा असो, ऑस्ट्रेलियात पाळायला सक्त बंदी. चुकून नदीत सुटला तर इथल्या माशांची धडगत नाही, म्हणून. मत्स्यखात्याला कळवायचं, आणि खात्याचा माणूस येऊन त्याला मारतो. यात सूट नाही.

दुसऱ्या दिवशी हे सांगायला गेले तेव्हा सुमेधचा चेहरा पांढराफटक. त्याची सिटिझनशिप अडकलेली होती. "ताई, फॉर्मवर विचारतात गं, काही ऑफेन्स वगैरे? मी काय लिहू, पिरान्हा?"

काका मात्र शांत होते. त्यांनी आधी मला विचारलं, "कळवलंस का?"

"अजून नाही. आधी तुम्हाला सांगायला आले."

"मग नको कळवूस."

"काका..."

"कुणाला कळणार आहे? या घरात दीड वर्ष माणूस येत नाही. ते कुठे नदीवर जातायत? त्यांना वेगळा टँक कर. मी खर्च देतो." मग आवाज खाली आला. "वर्षा, सकाळी उठून मी पहिलं त्यांच्याकडे बघतो. सुमेध दाराआड, सून झोपलेली, ही तिकडे. बोलायला कोण आहे मला? ते निदान वळून बघतात. ते गेले तर मी काय त्या पाच डॉलरांकडे बघत बसू?"

माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. आणि लाज वाटते, पण खरं सांगते, मला मोह झाला. कळवलं तर विचारणार, मासा आणला कुणी? मी. इतकी वर्षं या धंद्यातली बाई, बंदी असलेला मासा सिल्व्हर डॉलर म्हणून गिऱ्हाइकाच्या घरात सोडते! इथल्या फिशवाल्यांत दोन दिवसांत माझं नाव झालं असतं. काका गप्प, मी गप्प, सुमेध तर गप्पच राहणार. सगळ्यांचं भलं होत होतं, त्या पाच माशांचं सोडून.

मी म्हटलं, "काका, तुम्ही इन्स्पेक्टर होतात. एक पार्ट गेजमध्ये बसत नाहीये, पण दिसायला देखणा आहे आणि तुमच्या आवडीचा आहे. पास केला असतात?"

काकांनी शास्त्रीबुवांच्या टबाकडे पाहिलं. मग म्हणाले, "नसता केला." आणि लगेच माझ्यावर घसरले, "पण बाई, इनकमिंग इन्स्पेक्शन तुझं होतं! माल आत घेताना तू काय बघत होतीस? आमच्या कारखान्यात असतीस तर दोन दिवस घरी बसवली असती तुला!"

"बसवायलाच हवं होतं," मी म्हटलं. यापेक्षा खरं बोलणं मला कुणी ऐकवलेलं नाही.

मी तिथेच, त्यांच्यासमोर, खात्याला फोन केला. दुसऱ्या दिवशी दुपारी माणूस येणार असं ठरलं. फोन ठेवल्यावर काका म्हणाले, "एक काम करशील? उद्या येताना त्यांना जेवायला घेऊन ये."

"काय?"

"खवले. इतके दिवस बिचारे चोरून खात होते. एकदा तरी कुणी वाढलेलं जेवू देत."

सकाळी पेंडल हिल स्टेशनजवळच्या मासेवाल्याकडे गेले. दुकानाबाहेर दीड-दीड मीटरवर रांग. माझा नंबर आला.

"बोलो दीदी, कौनसी मछली?"

"मछली नहीं भैया, सिर्फ छिलके चाहिए."

"छिलके निकालके?"

"नहीं, छिलके मुझे दो, मछली तुम रखो."

त्याने मास्कच्या वरून माझ्याकडे बघितलं, मागे रांगेकडे बघितलं, आणि मूठभर खवले पिशवीत घालून दिले. "दीदी, घर में और कौन है? कोई संभालनेवाला है ना?" मी हो म्हटलं. रांगेतल्या बाईने मला आणखी अर्धा मीटर जागा दिली.

खवले सात पाण्यांनी धुतले आणि वाटीत घेऊन गेले. काकांनी आंघोळ करून धूतवस्त्र नेसलेलं. ज्या माणसाने दीड वर्ष या घरात अंडं आणू दिलं नाही, तो माणूस माशाच्या खवल्यांची वाटी हातात घेऊन उभा. आधी त्यांनी स्टीलचा चमचा मागितला. चमच्याने एक खवला सोडला, तो तळाला गेला. शास्त्रीबुवा हलले नाहीत. काकांनी माझ्याकडे बघितलं, चमचा बाजूला ठेवला, आणि दोन बोटांत खवला धरून हात मनगटापर्यंत पाण्यात घातला.

"काका, बोट चावेल!"

"चावू दे."

शास्त्रीबुवा तिरके वळले. एकदा लांबून अंदाज घेतला. मग सुळकन आले आणि काकांच्या बोटांतून खवला उचलून नेला. मग दुसरा. मग तिसरा. काका एकेक वाढत होते, आग्रह करत होते, "घ्या, घ्या, अजून आहे." चौथ्याला त्यांचा आवाज फुटला. "जेवले गं, वर्षा! जेवले!" दाराच्या काचेमागे सुमेध उभा होता. त्याने लॅपटॉप कधी बंद केला होता कुणास ठाऊक. सून शिफ्टच्या कपड्यांतच त्याच्या मागे उभी राहून रडत होती. जिला त्या माशाचा सासुरवास झाला, ती रडत होती!

वाटी रिकामी होते न होते तोच खात्याचा माणूस आला. शॉर्ट्स, बूट, निळा मास्क, हातात झाकणाची बादली. आत वाकून त्याने बघितलं आणि बाकी सगळं विसरला. हा मासा त्याने फक्त फोटोत पाहिला होता म्हणे. "ओ, यू ब्यूटिफुल लिटल बगर," तो हळूच म्हणाला.

"काय म्हणतोय?" काकांनी विचारलं.

"म्हणतोय फार देखणे आहेत."

काकांनी मान डोलावली. त्या माणसाने विचारलं, याला खायला काय घालत होता? काका ताठ उभे राहिले आणि इंग्रजीत म्हणाले, "सर, फॉर टेन मंथ्स वुई थॉट ही वॉज फास्टिंग." तो माणूस हसणार होता. काकांचा चेहरा बघून हसला नाही.

मग त्याने वही काढली आणि विचारलं, हा मासा पुरवला कुणी? सुमेधने पायांकडे बघितलं. काका म्हणाले, "फ्रेंड. सम फ्रेंड गेव्ह." मला त्या क्षणी काका इतके आवडले की सांगता येत नाही. कालपर्यंत मला घरी बसवायला निघालेला इन्स्पेक्टर माझ्यासाठी खोटा शिक्का मारत होता.

"मी पुरवला," मी म्हटलं. "माझी चूक आहे. मोजून आणला, तपासून नाही."

त्याने नाव, फोन, लायसन्स सगळं लिहून घेतलं. स्वतःहून कळवलंत त्यामुळे घरच्यांना काही नाही, हे त्याने सुमेधला दोनदा सांगितलं. सुमेधने तिसऱ्यांदा विचारलं. मला मात्र लेखी समज मिळाली, आणि आजवर ज्या ज्या घरी मासे दिले तिथे जाऊन प्रत्येक टँक तपासायचं काम. ते तर मी न सांगताही केलं असतं. महिनाभर लोकांच्या हॉलमध्ये गुडघ्यावर बसून माशांचे जबडे बघत फिरले. दोन गिऱ्हाइकं सोडून गेली. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. तेव्हापासून एकही मासा मी उजेडात उलटासुलटा बघितल्याशिवाय कुणाच्या घरात सोडला नाही.

बादलीतल्या पाण्यात त्या माणसाने बाटलीतून काही थेंब टाकले. वास हॉलभर पसरला.

"लवंग?" काकांनी विचारलं.

"लवंगेचं तेल," मी म्हटलं. "याने आधी झोप लागते. त्रास होत नाही."

"आम्ही दाढ दुखली की लावतो," काका म्हणाले. एवढंच म्हणाले. शास्त्रीबुवांना जाळीत घेताना त्यांनी तोंड फिरवलं नाही. गाडी निघेपर्यंत ते दारात उभे होते. मग आत गेले आणि दार लावून घेतलं. मी साफ केलेला टँक भरून, पाच मासे सोडून, कुणाला हाक न मारता निघून आले.

त्यानंतर काकांचा फोन नाही. मीही धीर केला नाही. सुमेध मेसेज करायचा, पाणी ओके, मासे ओके. बाबांचं काही लिहायचा नाही. मला रोज वाटायचं, आपण कायदा पाळला आणि एका म्हाताऱ्या माणसाचा एकुलता एक सोबती त्याच्यासमोर बादलीत घालून पाठवला. माझ्या चुकीची किंमत काकांनी भरली होती, ते काही मनातून जाईना.

पंधरा-वीस दिवसांनी एका सकाळी फोन वाजला. काका.

"वर्षा, तुझे ते डॉलर लबाड आहेत," काका म्हणाले.

"आता काय केलं त्यांनी?"

"त्या पाच जणांचे खवले आले. सगळे. एकाच्याही अंगावर टक्कल नाही. खातायत, हुंदडतायत, एकमेकांच्या अंगावरून जातायत. काल रात्री हिला दाखवले, ती म्हणाली, किती सुंदर दिसतायत हो!" काका फुरफुरले. "पाचही ठणठणीत! दहा महिने एका पाण्यात काढले, पण एकालाही त्यांचं सुतक नाही!"

मला हसू आवरेना. विचारलं, "आणि तुम्ही, काका?"

अगदी हळू आवाजात काका म्हणाले, "मी तीन दिवस पाळलं. सुनेला सांगू नकोस."